दार्जिलिंग की मुन्नार: नागपूरकर कुटुंबाने निवड कशी करावी

मुलाबाळांना आणि आजी-आजोबांना घेऊन चहाचे मळे पाहायला जायचे ठरले, की बहुतेक घरांत दार्जिलिंग आणि मुन्नार हीच नावे पुढे येतात. दोन्ही ठिकाणी सकाळ डोंगरात आणि दुपार चहाच्या कारखान्यात घालवता येते. म्हणून निवड सौंदर्यावरून न करता, सुट्टी कोणती आहे आणि सोबत कोण आहे, हे पाहून करावी असे मला वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत दार्जिलिंगच उजवे ठरते. त्या दिवसांत तेथील आकाश निवळलेले असते आणि 8,586 मीटर उंचीचे कांचनजंगा दिसण्याची शक्यता बरीच असते, तर केरळात तेव्हा ईशान्य मोसमी पावसाच्या सरी चालू असतात. नाताळच्या सुट्टीत मात्र चित्र उलटते. थंडीत दार्जिलिंगची झुडपे वाढ थांबवतात आणि फेब्रुवारी सरेपर्यंत तोडणी बंद राहते. मुन्नारला पानांची तोडणी वर्षभर चालते. उन्हाळ्यात नागपूर तापलेले असताना दोन्हीकडे गारवा मिळतो, पण मुन्नारला जायचे तर पाऊस येण्यापूर्वी, मेच्या पहिल्या पंधरवड्यात जावे.

प्रवासात मुन्नार थोडे सोपे आहे. केरळ एक्सप्रेस नागपूरहून थेट एर्नाकुलमला नेते, पुढे सुमारे 130 किलोमीटरचा रस्ता उरतो. त्यातील घाटात मुलांना मळमळते, म्हणून निघताना पोटभर खाऊ घालू नये. दार्जिलिंगसाठी बहुधा हावड्याला गाडी बदलून न्यू जलपाईगुडी गाठावे लागते आणि तेथून पुन्हा घाट चढावा लागतो.

गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी मुन्नार बरे. एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात राजमलैपर्यंत वन विभागाची बस जाते, पुढे डांबरी रस्त्याने सावकाश चालता येते आणि निलगिरी ताहर ही रानबकरी अगदी रस्त्याकाठी चरताना दिसते. ताहरच्या विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान बंद असते. दार्जिलिंगच्या गल्ल्या उभ्या चढाच्या आहेत आणि टायगर हिलच्या सूर्योदयासाठी पहाटे चारच्या सुमारास निघावे लागते. लहान मुलांसाठी हा हट्ट सोडावा. त्याऐवजी 1999 पासून जागतिक वारसा असलेल्या छोट्या रेल्वेने घूमपर्यंत जाऊन यावे आणि प्राणिसंग्रहालयात लाल पांडा पाहावा.

चहाच्या बाबतीत खरा फरक पेल्यात कळतो. मुन्नारच्या नल्लतण्णी मळ्यातील चहा संग्रहालयात हिरवे पान यंत्रात चुरडून, फाडून, गोळीदार होताना दिसते. आपण घरी अद्रक ठेचून, दूध-साखर घालून उकळतो ती पत्ती अशीच तयार होते, त्यामुळे मुलांना ती ओळखीची वाटते. दार्जिलिंगच्या 1854 पासूनच्या हॅपी व्हॅली मळ्यात पाने आधी जाळीवर पसरून वाऱ्याने सुकवतात, मग अख्खीच वळतात. तो चहा उकळायचा नसतो, गरम पाण्यात तीन-चार मिनिटे मुरवून दुधाशिवाय प्यायचा असतो. कडक चहाची सवय असलेल्या मंडळींना पहिला घोट फिका वाटेल, पण मे-जूनच्या दुसऱ्या तोडणीचा फळांसारखा गंध एकदा तरी घ्यावाच.

कोणतेही ठिकाण ठरवा, कारखाना पाहण्याचा बेत सोमवारी ठेवू नका: मुन्नारचे संग्रहालय त्या दिवशी बंद असते आणि दार्जिलिंगला रविवारी तोडणीला सुट्टी असल्याने सोमवारी यंत्रे बहुधा थंड असतात.