चार स्टार. पाचवा जिन्याने खाल्ला

क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे आधीच सांगून टाकते. आमची बुंदी डॅशहाऊंड, साडेअकरा वर्षांची, नऊ किलोची, पाय चार बोटांचे आणि पाठ हातभर लांब, अशा कुत्र्याला जिना चढवायचाच नसतो, मणक्याची वाट लागते, म्हणून दर वेळी तिला काखेत मारून मी वर नेते आणि वर पोचेपर्यंत मलाच धाप लागते. एक स्टार तिथेच गेला. बाकीचे चार मात्र मनापासून देतेय, कारण या डॉक्टरांनी तिचा जो आजार शोधला, कुशिंग नावाचा, म्हणजे अंगात कॉर्टिसोल हे हार्मोन गरजेपेक्षा जास्त बनणं, तो आधीचे पाच-सहा महिने कोणालाच दिसला नव्हता, आम्हालाही नाही, आणि आम्ही तर तिच्यासोबत एका घरात राहतो.

झालं असं की गेल्या पावसाळ्यात बुंदी पाणी जरा जास्त प्यायला लागली. आधी जरा, मग वाटी दोनदा भरायचो ती चारदा भरायला लागलो, मग मोरीतल्या बादलीत तोंड घालून. रात्री दोन-अडीचला उठवायची आणि खाली न्यायला उशीर झाला की फरशीवर तळं. अकरा वर्षांत घरात कधी थेंब सांडला नाही तिने. आई म्हणाली म्हातारी झाली, चालायचंच. बाबा म्हणाले मलाही रात्री उठावं लागतं. आम्ही हसलो आणि विषय संपला.

त्यात भूक. ही बया जन्माची नखरेल, पोळीला तूप नसेल तर तोंड फिरवून निघून जाणारी, ती कोबीची देठं खायला लागली. गणपतीत नैवेद्याच्या ताटातले दोन मोदक तिने बाप्पाच्या आधी संपवले. आणि आम्ही खूश! खातंय ना पोर, म्हणजे तब्येत छान. बाकीचं कोणी बघितलंच नाही, पोट टम्म झालेलं, मागच्या मांड्या मात्र वाळलेल्या, सोफ्यावर टुणकन चढायची ती आता खाली उभी राहून माझ्याकडे बघत बसायची, दोन्ही कुशींवरचे केस विरळ झालेले पण खाज अजिबात नाही, आणि पोटाची कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसायच्या. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर एकच, वय झालं.

ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या एका ठिकाणी नेलं होतं, नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती, फक्त घाईत होती. रक्त काढलं, थायरॉइडचं टी-फोर नावाचं हार्मोन कमी आलं, गोळी चालू. सोबत लिव्हरचं एक सिरप, कारण रिपोर्टमध्ये एएलपी नावाच्या एन्झाइमचा आकडा ठळक अक्षरात होता, ११०० च्या पुढे. हा आकडा एवढा का वाढलाय ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दोन महिने गोळी दिली, पाणी तेवढंच, तळी तेवढीच, फरक शून्य. उलट डिसेंबरच्या थंडीत, आम्ही स्वेटर घालून बसलेलो असताना, ही गार फरशीवर पोट टेकून जीभ बाहेर काढून हाहाहा करत पडलेली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली की हे वयाचं काम नाही.

मग ऑफिसातल्या एकीने हे क्लिनिक सांगितलं.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी वीस-पंचवीस मिनिटं कुत्र्याला हातच लावला नाही. नुसते प्रश्न, आणि बुंदी तोपर्यंत खोलीभर हुंगत फिरतेय आणि ते डोळ्याच्या कोपऱ्यातून तिची चाल बघतायत. पाणी किती पिते? मी म्हटलं, खूप. "खूप म्हणजे किती मिली?" आता हे कोणाला माहीत असतं? त्यांनी सांगितलं घरी मोजा, तीन दिवस, सकाळी मापून पाणी ठेवायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं मापायचं, मोरीचं दार बंद. आणि येताना घरातली तिची सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा, मलम, कानाचे थेंब, पावडरसुद्धा. कानाच्या थेंबांचं काय एवढं? तर म्हणे बऱ्याच थेंबांत आणि मलमांत स्टिरॉइड असतं आणि ते महिनोन्‌महिने घातलं तर हीच सगळी लक्षणं औषधानेच येऊ शकतात. आमच्या पिशवीत तसं काही निघालं नाही, दोन वर्षांपूर्वीची एक बाटली होती, ती आठवडाभर वापरलेली.

मोजलं. १२८०, १४२०, १३५० मिली. नऊ किलोच्या जिवाला! डॉक्टर म्हणाले साधारण किलोमागे ५०-६० मिली ठीक, १०० च्या वर गेलं की कारण शोधायलाच हवं, आणि ही १५० च्या आसपास. मला खरं सांगायचं तर लाज वाटली, प्लास्टिकच्या मापाने तीन दिवसांत जे कळलं ते मी सहा महिने डोळ्यांनी बघत होते.

दुसरी गोष्ट सकाळची पहिली लघवी. आता डॅशहाऊंडची लघवी कशी पकडायची हे कोणी शिकवत नाही. आमटीचा डाव धरून बघितला तर पोटाखाली जागाच नाही, शेवटी स्टीलची बशी सरकवली आणि सोसायटीतले दोन काका थांबून बघत होते. पण काम झालं. लघवी जवळजवळ पाण्यासारखी पातळ, साखर नाही म्हणजे डायबेटिस बाद, किडनीचे आकडे ठीक, पिशवी लहानपणीच काढलेली म्हणून गर्भाशयात पू होण्याची शंका पण बाद, मोठ्या वयाच्या मादीत ती आधी बघतात म्हणे. मात्र लघवीत इन्फेक्शन निघालं, जे बाहेरून अजिबात दिसत नव्हतं, ना कळ ना काही.

इथे मला वाटलं आता लगेच मोठी टेस्ट करतील आणि बिल लावतील. नाही केली! म्हणाले आधी इन्फेक्शनचा कोर्स संपवू, कारण अंगात दुसरं काही चालू असताना हार्मोनची टेस्ट केली तर आकडा खोटा वर येतो. आणि थायरॉइडचंही त्यांनी तेव्हाच समजावलं. शरीरात दुसरा मोठा आजार असला की टी-फोर आपोआप खाली घसरतं, थायरॉइड चांगलं असलं तरी, म्हणून एकट्या टी-फोरवर भरवसा ठेवायचा नाही, सोबत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) बघायचं आणि मुख्य म्हणजे कुत्र्याकडे बघायचं. थायरॉइड कमी असलेलं कुत्रं सुस्तावतं, आहे त्याच जेवणावर जाड होतं, ऊब शोधतं. ते बादली रिकामी करत नाही आणि डिसेंबरात गार फरशी शोधत नाही. इतकं साधं होतं हो! त्यांनी ती गोळी बंद केली. (तुम्ही आपल्या मनाने करू नका, आमच्या डॉक्टरांनी तपासून केली.)

एएलपीचं पण कोडं सुटलं. कुत्र्यांच्या लिव्हरमध्ये या एन्झाइमचा एक प्रकार असा आहे की तो कॉर्टिसोल वाढलं की वाढतो. म्हणजे ऑक्टोबरच्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं आणि आम्ही सिरप पाजत होतो.

दोन-अडीच आठवड्यांनी टेस्ट. याचं लांबलचक नाव आहे, लो डोस डेक्सामेथासोन का काय ते. सकाळी नऊला रक्त, मग डेक्साचं, म्हणजे त्या डेक्सामेथासोन स्टिरॉइडचं, अगदी बारीक इंजेक्शन, मग चार तासांनी रक्त, आठ तासांनी परत रक्त. निरोगी कुत्र्यात त्या इंजेक्शनने शरीराला वाटतं बस झालं, आणि कॉर्टिसोल बनणं दिवसभर थांबतं. कुशिंग असेल तर थांबत नाही किंवा थोडा वेळ थांबून परत सुरू होतं. इथे मला आवडलं ते हे की त्या दिवशी तिच्यावर दुसरं काही केलं नाही, सोनोग्राफी नाही, नखं कापणं नाही, आतल्या खोलीत एकटीला ठेवायच्या ऐवजी मला म्हणाले तुम्हीच घेऊन बसा, गाडीत बसा, कुठे पण बसा, फक्त शांत ठेवा आणि टेस्ट संपेपर्यंत खायला देऊ नका, कारण घाबरली की कॉर्टिसोल तसंही वाढतं आणि आपलीच फसगत. मी गाडीत लॅपटॉप उघडून काम केलं आणि बुंदी दिवसभर माझ्या डब्याकडे बघत होती, तो डबा मीही उघडला नाही, हिंमतच झाली नाही.

रिपोर्ट दोन दिवसांनी आला. कॉर्टिसोल सुरुवातीला ५.८, चार तासांनी १.२, आठ तासांनी परत ३.१. त्या लॅबची रेघ १.४ ची, आठ तासांनंतर त्याच्या वर म्हणजे कुशिंग, आणि मध्येच खाली जाऊन परत वर आलं म्हणजे गडबड मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत. दहातली आठ-साडेआठ कुत्री या प्रकारातली असतात म्हणे, उरलेल्यांना किडनीजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत गाठ असते आणि तिथे ऑपरेशनचा विचार होतो. सोनोग्राफीत बुंदीच्या दोन्ही अ‍ॅड्रिनल सारख्याच सुजलेल्या दिसल्या, म्हणजे पिट्युटरीचंच. एकच मोठी आणि दुसरी सुकलेली दिसली असती तर गोष्ट वेगळी होती.

आईने विचारलं हे कुशिंग काय नाव आहे. डॉक्टर म्हणाले हार्वे कुशिंग नावाचा अमेरिकन मेंदूचा सर्जन होता, त्याने १९१२ साली माणसांमध्ये वर्णन केलं. आई अजूनही "बुंदीला ते माणसांचं झालंय" असंच सांगते सगळ्यांना, आणि बाबा "कुसिंग" म्हणतात.

औषध ट्रायलोस्टेन, आमच्या वजनाला १० मिलीग्रॅमची कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ, जेवणासोबतच. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, ऑर्डर करून येतं, एकदा नऊ दिवस लागले, तेव्हा महिन्याचा साठा संपायच्या आत मागवा. कॅप्सूल फोडायची नाही आणि गरोदर बाईने हात लावायचा नाही, हे डॉक्टरांनी न विचारता सांगितलं आणि बरं झालं, कारण तेव्हा वहिनी सहाव्या महिन्यात आमच्याकडे होती आणि बुंदीला भरवायचं काम हौसेने तीच करायची. आजार बरा होत नाही, ताब्यात राहतो, हे पण पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात पाणी ६०० मिलीवर आलं. रात्रीची झोप परत मिळाली, आणि ती काय चीज असते ते ज्यांनी सहा महिने रात्री पोछा मारलाय त्यांनाच कळेल. पोट अजून थोडं आहे. केसांना वेळ लागतो म्हणाले होते, आता चौथ्या महिन्यात कुशीवर मऊ लव आलीय, रंग आधीपेक्षा फिका.

एकदा घाबरवलं तिने. संध्याकाळी दोन उलट्या, जेवण नको, कोपऱ्यात पडून. हे औषध जास्त झालं तर कॉर्टिसोल उलट फार खाली जातं आणि ते जिवावर बेतू शकतं, म्हणून खात नसेल तर कॅप्सूल द्यायचीच नाही असा नियम आहे. रात्री दहाला फोन केला, डॉक्टरांनी स्वतः उचलला, कॅप्सूल थांबवा आणि आत्ता घेऊन या. सोडियम-पोटॅशियम बघितलं, ठीक होतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी कबूल केलं की दुपारी शेजारून आलेल्या भज्यांतली पाच-सहा त्यांनी तिला दिली होती.

तक्रारी म्हणाल तर आहेत. अपॉइंटमेंट साडेसहाची असली तरी नंबर साडेसातला, वेटिंगला जागा एवढीशी आणि मांजरंवाले-कुत्रेवाले एकत्र, एकदा एक हस्की आणि आमची अर्धी फुटाची शूर वीर यांच्यात जे झालं ते विचारू नका. सोनोग्राफीवाले आठवड्यातून दोनच दिवस येतात. रिसेप्शनवरची मुलगी रिपोर्ट पाठवायला दोनदा विसरली. आणि खर्च, निदान होईपर्यंत आमचे साधारण १४ हजार गेले, औषध आणि दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासणी ते वेगळं चालूच. पण प्रत्येक टेस्टच्या आधी ही का, किती पैसे, आणि नाही केली तर काय, हे कागदावर लिहून दिलं, एक टेस्ट तर मीच करू या म्हटलं तेव्हा त्यांनी गरज नाही म्हणून टाळली.

पार्किंग नाही, गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून चालत या. सोमवारी बंद. पहिल्यांदा जाणार असाल तर जुने सगळे रिपोर्ट, औषधांची पिशवी आणि तीन दिवसांचं पाण्याचं माप लिहून न्या, एक चक्कर वाचेल. कुत्रं मोठं असेल तर उचलायला घरातलं कोणीतरी सोबत घ्या, कारण तो जिना सोळा पायऱ्यांचा आहे, मी मोजल्यात.