पेटी विकत घ्यावी की पेशी भाड्याने?

सांगलीत एमटेक करणारी माझी भाची आठवडाभर एकाच प्रश्नावर अडली आहे. जिवंत चेतापेशींवरच्या प्रकल्पासाठी कॉलेजला मेलबर्नच्या कॉर्टिकल लॅब्जची सीएल१ पेटी (चिपवर वाढवलेल्या चेतापेशींना संकेत देऊन त्यांचा प्रतिसाद वाचणारा संगणक) मागवायला सांगावी, की स्वित्झर्लंडच्या फायनलस्पार्क कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या पेशी इंटरनेटवरून वापराव्यात?

खर्चात तुलनाच नाही. २०२५ मध्ये पेटी आली तेव्हा किंमत सुमारे ३५,००० डॉलर होती, म्हणजे तीस लाखांच्या घरात. फायनलस्पार्कची मासिक वर्गणी ५०० डॉलरपासून सुरू झाली.

आयुष्य दोन्हीकडे कमीच. पेटीत पेशी सहा महिन्यांपर्यंत जगतात, फायनलस्पार्कचे चेतापेशींचे छोटे गोळे साधारण शंभर दिवस. पण तिथे नवे गोळे बसवणं त्यांचं काम.

खरा फरक मेहनतीत आहे. पेटी तापमान, वायू, पोषकद्रव सांभाळते. तरी पेशी वाढवायला निर्जंतुक प्रयोगशाळा आणि अनुभवी हात लागतात. शिवाय अखंड वीज. २०१९ चा कृष्णेचा पूर पाहिलेल्याला ही अट किती कठीण आहे ते कळेल.

एका बाबतीत मात्र पेटी सरस. २०२२ मध्ये याच कंपनीच्या पेशी पाँग हा चेंडू अडवायचा जुना व्हिडिओ गेम खेळायला शिकल्या, त्या चेंडू अडवला की ठरावीक संकेत आणि चुकला की विस्कळीत संकेत लगेच मिळाल्यामुळे. अशा झटपट देवाणघेवाणीसाठी संगणक पेशींजवळच हवा.

म्हणून तिला सांगितलं, एका सत्राच्या प्रकल्पाला भाड्याच्या पेशी घे. पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा असलेल्या, मेंदूवरच्या औषधांचा परिणाम वर्षानुवर्षं तपासणाऱ्या संस्थेने पेटी घ्यावी.