कोच भारी की पोट्टे?
कापूस निघाला, शेत मोकळं झालं की गावचे पोट्टे तिथंच फुटबॉलच्या गोलपोस्टचे बांबू रोवतात आणि पारावर वाद पेटतो: संघ जिंकतो तो कोचमुळे की खेळाडूंमुळे?

खेळाडूवाल्यांचा हुकमी एक्का मॅराडोना. १९८६ च्या वर्ल्ड कपात त्याचे ५ गोल. इंग्लंडविरुद्धचा तो एकट्यानं काढलेला गोल कोणत्या कोचनं शिकवला? मान्य. पण अर्जेंटिनाचा कोच बिलार्दोनं मागची फळी भक्कम करून त्याला मोकळं सोडलं होतं, हे कोणी सांगत नाही.

कोचवाल्यांकडे इंग्लंडचा क्लब चेल्सी आहे. जानेवारी २०२१ मध्ये कोच लॅम्पार्डला नारळ दिला, टुखेल आला. पोट्टे तेच, मागे तीन डिफेंडर लावले, आणि मे महिन्यात युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग खिशात! आपल्याकडे सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ मध्ये एशियाडचं सोनं जिंकलं. १९६३ मध्ये रहीम गेले. ते सोनं पुन्हा आलं नाही.

माझ्या मते वरच्या पातळीवर सगळेच खेळाडू तयारीचे, तिथं पारडं कोचकडे झुकतं. गावात उलटं. विंगवर एक वाऱ्यासारखा पळणारा पोट्टा असला की बाकीचे बॉल त्याच्याकडेच मारतात. कोच म्हणजे बहुधा शिट्टीवाला पीटीचा मास्तर, आणि तोही इलेक्शन ड्युटीवर गेलेला.