कूलंट बदललं आणि गळती लागली: पुन्हा स्वतः हात घालावा की मेकॅनिक गाठावा?

रविवारी घरीच गाडीचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि रेडिएटरचा खालचा रबरी होज पाइप बदलला, सोमवारी पार्किंगच्या फरशीवर हिरवा डाग. माझ्या मनात आधी रेडिएटर फुटल्याचंच आलं. पण घरी केलेल्या दुरुस्तीनंतरची गळती बहुतेक वेळा आपला हात जिथे लागला तिथेच असते: होजची क्लिप, ड्रेन प्लग, थर्मोस्टॅटचं (कूलंटची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेचं) झाकण नाहीतर रेडिएटरची कॅप.

आधी गळती आहे ना, ते बघा. कूलंटच्या टाकीतली पातळी उतरली पण खाली थेंब नाही, तर कदाचित आत अडकलेली हवा निघाली असेल. एसीचं पाणी बिनवासाचं असतं. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं आणि गोडसर वास येतो.

स्वतः करायचं तर खर्च एखाद्या क्लिपचा किंवा ओ-रिंगचा (गळती अडवणाऱ्या रबरी कडीचा). इंजिन पूर्ण थंड हवं, ही एकच अट, पण ती मोडायची नाही. माझी गळती फक्त पहाटे व्हायची, गाडी तापली की बंद. कंपनीची स्प्रिंगची क्लिप काढून मी स्क्रूची लावली होती. रबर थंडीत आकसलं की स्क्रूची क्लिप सैल पडते. स्प्रिंगची मात्र आपोआप आवळत राहते. जुनी क्लिप परत बसवली आणि काम झालं. ड्रेन प्लग प्लास्टिकचा असेल तर जोर लावू नका, ओ-रिंग बदला. थर्मोस्टॅटच्या झाकणाखाली जुन्या पॅकिंगचा कण राहिला तरी पाझरतं, आणि तिथले बोल्ट अति आवळले तर ॲल्युमिनियममधले आटे जातात. मग पाचशेच्या कामाचे पाच हजार व्हायला वेळ लागत नाही.

घरच्या कामाची खरी अडचण वेगळीच. तापलेल्या गाडीत कूलंटवर साधारण १ बारच्या आसपास दाब असतो, थंड गाडीत तो नसतो. म्हणून थंड गाडीखाली टॉर्च घेऊन झोपलं तर बारीक भेग दिसतच नाही.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक इथे कामाला येतो, पण त्याच्याकडे प्रेशर टेस्टचा हातपंप असेल तरच. थंड इंजिनावर दाब भरायचा आणि काटा उतरतो का ते बघायचं, दहा-पंधरा मिनिटांचं काम. गाडी देण्याआधी तेवढं विचारा. नुसता टॉर्च मारणार असेल तर तो तुमच्याइतकाच आंधळा. टॉप-अपला नळाचं पाणी घालू देऊ नका, क्षार साचतात; डिस्टिल्ड वॉटरचा कॅन सोबत न्या. रेडिएटरच गेला असेल तर जुन्या तांब्या-पितळेच्याला डाख लावून मिळतो. आताच्या प्लास्टिक टाकीला तडा गेला की बदलणंच बरं.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर महाग, आणि तिथे दुरुस्तीपेक्षा अख्खा भाग बदलण्याकडे कल. तरीही गाडी वॉरंटीत असेल किंवा वॉटर पंपाकडून गळत असेल तर मी तिथेच जाईन, कारण काही इंजिनांत पंपासाठी टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ जुळवणारा पट्टा) उघडावा लागतो.

कूलंटमध्ये ओतायच्या गळती बंद करणाऱ्या द्रवाची बाटली या तुलनेत मी धरलीच नाही. क्लिप सैल असेल तर ती उपयोगाची नाही, आणि तोच चिकटा हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

तर माझा हिशोब असा: थेंब तुम्ही हात लावलेल्या जोडातून येताना दिसतोय, तर एकदा स्वतः प्रयत्न करा. एकदाच. दिसत नसेल किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तर प्रेशर टेस्ट. तोवर खंबाटकी किंवा ताम्हिणी घाट चढायचा बेत नको. तापमानाचा काटा वर गेला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद, आणि कॅपला हात नाही. उकळतं कूलंट तोंडावर उडतं.

आणि फरशीवरचा तो डाग आजच भरपूर पाण्याने धुवा. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते त्यांच्यासाठी जहाल विष आहे.