शेरा कधी द्यावा? ईबेच्या फीडबॅक व्यवस्थेचे एका विक्रेत्याने केलेले परीक्षण

काडेपेटीची जुनी लेबले आणि फर्स्ट डे कव्हरे (टपाल तिकीट प्रसिद्ध झाले त्याच दिवशीचा शिक्का असलेली पाकिटे) ईबेवर लिलावाने विकणे हा माझा जोडधंदा आहे. (जुन्या नाण्यांच्या वाटेला मी जात नाही, शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे देशाबाहेर पाठवता येत नाहीत.) या संकेतस्थळाचे शुल्क आणि पैसे हाती पडण्यास लागणारा वेळ यांविषयी विक्रेते तासन्‌तास बोलू शकतात. ग्राहकाविषयी नोंदवायचा शेरा, ज्याला तेथे फीडबॅक म्हणतात, तो मात्र बहुतेकांच्या लेखी शनिवारी रात्री एका बैठकीत उरकून टाकायचे काम असते. या लेखात मी फक्त त्या शेऱ्याचे परीक्षण करणार आहे: तो केव्हा द्यावा, त्यात काय लिहावे आणि ईबेने त्यासाठी दिलेली सोय विक्रेत्याच्या कितपत कामाची आहे.

ही सोय संकेतस्थळाइतकीच जुनी म्हणता येईल. पिएर ओमिड्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ऑक्शनवेब या नावाने लिलाव सुरू केले आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये सदस्यांना पत्र लिहून एकमेकांविषयी शेरे नोंदवण्याची व्यवस्था खुली केली. तक्रार असेल तर ती चारचौघांत मांडा आणि त्याहून बरे म्हणजे कौतुक चारचौघांत करा, असा त्या पत्राचा आशय होता. सभागृहातील लिलावात ‘एक वार, दोन वार, तीन वार’ होईपर्यंत बोली लावणारा समोर बसलेला असतो, त्याचा चेहरा दिसतो आणि रक्कम न भरता तो दाराबाहेर जाऊ लागला तर त्याला हटकता येते. संगणकावरच्या लिलावात यातले काहीच नसते. म्हणून अनुकूल शेऱ्याला अधिक एक, प्रतिकूल शेऱ्याला उणे एक आणि तटस्थ शेऱ्याला शून्य असा हिशेब ठेवून ती बेरीज सदस्याच्या नावापुढे कंसात छापली जाऊ लागली. दहा गुण झाले की नावाशेजारी पिवळा तारा उमटतो आणि पुढे शंभर, हजार, दहा हजार अशा टप्प्यांवर त्याचा रंग बदलत जातो.

या बेरजेला रोकड किंमत आहे, हे पुढे प्रयोगाने दिसले. मिशिगन विद्यापीठातील पॉल रेस्निक, हार्वर्डमधील रिचर्ड झेकहाऊझर आणि त्यांचे सहकारी यांनी जुनी चित्र-पोस्टकार्डे विकणाऱ्या एका मुरलेल्या विक्रेत्याला एकसारखा माल काही वेळा त्याच्या नावाजलेल्या खात्यावरून आणि काही वेळा कोऱ्या खात्यांवरून विकायला लावला, तेव्हा नावाजलेल्या खात्यासाठी ग्राहक सरासरी ८.१ टक्के अधिक मोजायला तयार असल्याचे आढळले. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे किंमत आहे तेथे चोरवाटाही निघतात. एक सेंटची ई-पुस्तके घाऊक विकत घेऊन नवी खाती चार दिवसांत ‘प्रतिष्ठित’ करण्याचा उद्योग इतका बोकाळला की २००८ मध्ये ईबेने केवळ संगणकावरून पाठवता येणारा माल लिलावातून बाहेर काढून वर्गीकृत जाहिरातींत टाकला.

मात्र फीडबॅकची खरी दुखणी या चोरवाटांपेक्षा सभ्य माणसांनीच वाढवली. पूर्वी दोन्ही पक्षांना एकमेकांविषयी तिन्ही प्रकारचे शेरे देता येत, आणि त्यामुळे आधी बोलणारा फसतो, हे सर्वांना कळून चुकले होते. ग्राहकाने तक्रार नोंदवली की विक्रेता जशास तसे या न्यायाने त्यालाही प्रतिकूल शेरा चिकटवत असे. तेव्हा शहाणा ग्राहक गप्प बसे आणि शहाणा विक्रेता ग्राहकाने आधी चांगले म्हणावे म्हणून आपला शेरा मुठीत दाबून बसे. रेस्निक आणि झेकहाऊझर यांनी १९९९ मधील व्यवहार तपासले होते, त्यांत सुमारे ५२ टक्के व्यवहारांत ग्राहकांनी आणि सुमारे ६० टक्के व्यवहारांत विक्रेत्यांनी शेरे दिले होते, आणि ग्राहकांच्या शेऱ्यांपैकी ९९ टक्के अनुकूल होते. जगातल्या कोणत्याही बाजारात शंभरांतले नव्याण्णव व्यवहार इतके गोड होत नाहीत. उंटाच्या लग्नात गाढवाने गावे आणि दोघांनी एकमेकांना ‘अहो रूपम्, अहो ध्वनिः’ म्हणावे, तसा तो प्रकार होता.

त्या गाण्यात मीही सूर मिसळला आहे. त्या काळात एका परदेशी ग्राहकाने माझ्याकडून बारा लेबलांचा संच घेतला आणि पैसे त्याच दिवशी पाठवले. मी पाकीट पोस्टात टाकले, पण शेरा दिला नाही, कारण त्याने आधी द्यावा असे माझे मत होते. पाकीट मिळाल्यावर त्यानेही दिला नाही, कारण मी आधी द्यावा असे त्याचे मत होते. लखनौच्या नवाबांसारखे ‘पहले आप’ करीत आम्ही मुदत संपेपर्यंत बसून राहिलो. त्याचे नंतरचे एक वाक्य मला अजून आठवते: मी पैसे दिले त्या क्षणी माझे काम संपले होते, तुम्ही आणखी कशाची वाट पाहत होता? याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मे २००८ पासून ईबेने विक्रेत्यांना ग्राहकाविषयी प्रतिकूल किंवा तटस्थ शेरा देण्यास बंदी केली. निर्णय जाहीर झाल्यावर फेब्रुवारीतच अनेक विक्रेत्यांनी आठवडाभर माल न मांडण्याचा बहिष्कार पुकारला होता, आणि ‘एका हाताने टाळी वाजवायला सांगता’ अशा अर्थाची तक्रार आजही जुने विक्रेते करतात. माझ्या मते निर्णयाचे निदान बरोबर होते, औषधाची मात्रा मात्र जास्त झाली. ग्राहकाचे तोंड मोकळे झाले, हे चांगलेच झाले. पण विक्रेत्याला चांगले बोलणे किंवा गप्प राहणे एवढेच दोन पर्याय उरल्यामुळे त्याच्या शेऱ्यातली माहिती आटली. आज एखाद्या ग्राहकाच्या नावापुढे चारशे गुण असतील तर त्यावरून त्याने चारशे वेळा पैसे भरले असावेत एवढे कळते. त्याने त्यांतला किती माल खोट्या कारणाने परत केला, ते कळत नाही.

या चौकटीत शेरा केव्हा द्यावा, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते पक्के आहे: पैसे जमा झाल्यावर, माल पोस्टात देतो त्याच दिवशी. ईबेच्या विक्री-सेटिंग्जमध्ये आपोआप शेरा देण्याची सोय आहे आणि तेथे दोन पर्याय दिसतात, एक म्हणजे ग्राहकाने पैसे भरताच आणि दुसरा म्हणजे ग्राहकाने पैसे भरून आपल्याला अनुकूल शेरा दिल्यावर. दुसरा पर्याय म्हणजे २००८ पूर्वीच्या ओलीस-पद्धतीचा अवशेष आहे आणि तो अजून का ठेवला आहे, हे मला समजत नाही. ज्याने वेळेवर पैसे दिले त्याला पावती देताना ‘आधी माझ्या दुकानाची तारीफ करा’ असे आपल्या गल्लीतला वाणीदेखील म्हणणार नाही.

यावर काही अनुभवी विक्रेत्यांचा आक्षेप असा की माल पोहोचून ग्राहक समाधानी होईपर्यंत व्यवहार पुरा झालाच नाही, मग आधीच प्रशस्तिपत्र कशासाठी? माल महाग असेल आणि ‘मिळालाच नाही’ अशी खोटी तक्रार येण्याची भीती असेल तर हा आक्षेप समजण्यासारखा आहे. परंतु थांबून हाती काय लागते, याचाही विचार करावा. ग्राहक पुढे वाईट वागला तरी प्रतिकूल शेरा देता येणार नाहीच. फार तर एक अनुकूल शेरा वाचेल, आणि चारशे गुणांच्या माणसाला त्या एका गुणाचे सोयरसुतक नसते. शिवाय भारतातून विकणाऱ्याची अडचण वेगळी आहे. मुंबईत २००० मध्ये सुरू झालेले बाझी डॉट कॉम ईबेने २००४ मध्ये घेतले आणि त्यातून उभे राहिलेले ईबे डॉट इन ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. तेव्हापासून आपला ईबेवरचा ग्राहक परदेशातला आहे आणि पाकिटाला दोन-तीन आठवडे सहज लागतात. शेऱ्याची मुदत ६० दिवसांची असते. पाकीट पोहोचण्याची, मग ग्राहकाच्या शेऱ्याची आणि मग आपल्या सवडीची वाट पाहणारा विक्रेता बऱ्याचदा ती मुदत हुकवतो. उलट पाठवणीच्या दिवशीच शेरा दिला तर ग्राहकाला ट्रॅकिंग क्रमांक आणि शेऱ्याची सूचना एकाच संध्याकाळी मिळते, आणि पलीकडे कोणीतरी जागे आहे, एवढा दिलासा त्याला तीन आठवडे पुरतो.

आता शेऱ्यात काय लिहावे, याविषयी. ईबेवर वर्षानुवर्षे ‘ए प्लस प्लस प्लस, उत्तम ग्राहक’ हा शेरा इतक्या वेळा चिकटवला गेला आहे की डोळा त्यावर थांबतच नाही. आधी लिहून ठेवलेली वाक्ये आळीपाळीने लावण्याची सोय संकेतस्थळ देते. दिवसाला पन्नास पाकिटे पाठवणाऱ्याला तिच्यावाचून गत्यंतर नाही, पण आठवड्याला पाच पाठवणाऱ्याने तिचा आधार घेणे निव्वळ आळस आहे. अनेक वर्षे शेऱ्याला ऐंशी अक्षरांची मर्यादा होती आणि तेवढ्या जागेतही दुसऱ्या विक्रेत्याला उपयोगी पडेल असे काही सांगता येते. पोर्तुगालमधील एका संग्राहकाने माझ्याकडून शिवकाशीच्या लेबलांचा संच घेतला, लिलाव संपल्यावर दहा मिनिटांत पैसे भरले आणि लेबले बटर पेपरमध्ये घालून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवावीत, अशी नम्र विनंती केली. त्याला मी लिहिले: ‘दहा मिनिटांत पैसे, पॅकिंगविषयी स्पष्ट सूचना, उत्तरे तत्पर.’ यात विशेषणे मोजकीच आहेत, परंतु हा माणूस वेळेवर पैसे देतो आणि काय हवे ते आधी सांगतो, एवढे पुढच्या विक्रेत्याला नेमके कळते.

एक पथ्य मी कटाक्षाने पाळतो. शेऱ्यात ग्राहकाचे खरे नाव, गाव किंवा त्याने नेमके कोणते दुर्मिळ लेबल किती रकमेला घेतले, याचा उल्लेख करू नये. खासगी माहिती लिहिण्यास ईबेचा नियम मनाई करतोच. त्यापलीकडे संग्राहकांच्या छोट्या जगात कोण कशाच्या मागे आहे, हे फुटले की पुढच्या लिलावात त्याच्यावर चढी बोली लावणारे तयार होतात. अनुकूल या खुणेखाली टोमणा मारण्याची चाल २००८ नंतर काही विक्रेत्यांनी काढली, म्हणजे वर अधिक एक आणि खाली ‘या माणसापासून सावध’. ती नियमात बसत नाही, आणि वाचणाऱ्याला त्यातून ग्राहकापेक्षा विक्रेत्याचाच स्वभाव जास्त दिसतो.

वाईट ग्राहकाचे काय करावे? शेऱ्याच्या रकान्याबाहेर जी साधने आहेत ती वापरावीत. चार दिवसांत पैसे आले नाहीत तर ‘पैसे न भरल्यामुळे’ हे कारण निवडून व्यवहार रद्द करता येतो आणि त्याची नोंद ग्राहकाच्या खात्यावर राहते. अशा नोंदी असलेल्यांना आपल्या लिलावात येऊ न देण्याची सेटिंगही आहे. नको असलेल्या सदस्याला रोखण्यासाठी वेगळी यादी असते आणि गैरवर्तन ईबेला कळवण्याचा मार्गही असतो. हे सारे पडद्यामागे चालते, म्हणून मनाचे समाधान कमी होते. पण काम होते. येथे बहुतेक विक्रेते एक चूक करतात, ती म्हणजे पैसे न देणाऱ्याला ‘जाऊ दे’ म्हणून सोडून देणे आणि नोंद न करता व्यवहार रद्द करणे. त्याचा भुर्दंड पुढच्या विक्रेत्याला पडतो.

या व्यवस्थेला मी पाचांपैकी तीन तारे देईन. ग्राहकाला निर्भयपणे बोलता यावे, या हेतूला पूर्ण गुण आहेत. आपोआप शेऱ्याच्या दुसऱ्या पर्यायासाठी एक तारा कापला आहे आणि विक्रेत्याचा अनुभव कोठेच उघडपणे दिसत नाही, यासाठी दुसरा. याहून बरी रीत असू शकते, हे एअरबीएनबीने २०१४ मध्ये दाखवले: पाहुणा आणि यजमान या दोघांचे शेरे लिहून झाल्यावर किंवा मुदत संपल्यावर ते एकदमच उघड होतात, त्यामुळे दुसऱ्याचे वाचून सूड उगवायला वावच राहत नाही. लिलावात ही रीत लागू केली असती तर विक्रेत्यांचे तोंड बांधावे लागले नसते.

तोपर्यंत माझ्या शेऱ्याचा उपयोग ज्याला सर्वांत जास्त, तो ग्राहक म्हणजे नुकतेच खाते उघडलेला. नावापुढे शून्य असलेल्या बोलीकडे विक्रेते संशयाने पाहतात आणि काहीजण ती बोली रद्दही करतात. गेल्या आठवड्यात अशाच एका शून्यवाल्याने १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीच्या फर्स्ट डे कव्हरवर शेवटच्या मिनिटाला बोली लावली आणि ते जिंकले. पैसे रात्री आले. सकाळी कव्हर पुठ्ठ्यात घालून पोस्टात दिले, पावती खिशात घातली आणि काउंटरसमोरच्या बाकावर बसून फोनवर टंकले: ‘पहिलीच खरेदी, पैसे त्याच रात्री, पत्ता अचूक, निश्चिंतपणे विकावे.’ घरी पोहोचेपर्यंत त्याच्या नावापुढच्या कंसात शून्याच्या जागी एक आला होता.