दत्तकपत्र की ‘कारा’? मूल कुणाचं, यावर वाट ठरते

दत्तक घेण्याचे दोन कायदे आपल्याकडे शेजारी शेजारी नांदतात. एक १९५६चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, म्हणजे दत्तकपत्राची वाट. दुसरा २०१५चा बाल न्याय कायदा, म्हणजे ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची वाट. वकिलाकडे गेलेलं जोडपं बहुधा विचारतं, ‘यातलं सोपं कुठलं?’ खरं तर आधी हे विचारायला हवं: मूल कुणाचं आहे आणि आज ते कायद्यानं कुणाच्या ताब्यात आहे? भावाचं मूल आणि शिशुगृहातलं मूल यांच्यासाठी दारंच वेगळी आहेत. चुकीच्या दारानं आत गेलात तर दोष कागदावर पडून राहतो आणि वीस वर्षांनी वारसाच्या दाव्यात वर येतो.

आधी कोण बाद होतं ते पाहू. १९५६चा कायदा फक्त हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी आहे. देणारे, घेणारे आणि मूल, तिघंही त्यात बसायला हवेत. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू कुटुंबाला हे दार बंद आहे. पूर्वी अशा कुटुंबांपुढे १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली ‘पालक’ म्हणून नेमणूक घेण्यापलीकडे फारसं काही नसे. त्यात मूल अठरा वर्षांचं झालं की नातं कायद्यापुरतं संपतं आणि मृत्युपत्र केलेलं नसेल तर वारसाहक्क मिळत नाही. बाल न्याय कायद्याची वाट मात्र कोणत्याही धर्माच्या नागरिकाला खुली आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच, त्याआधीच्या २०००च्या बाल न्याय कायद्याबाबत, स्पष्ट केलं. त्यामुळे आज फक्त पालकत्वावर थांबायचं असेल तर त्याला व्यक्तिगत किंवा धार्मिक कारण असावं. दुसरा पर्याय नाही म्हणून थांबण्याची गरज उरलेली नाही.

दत्तकपत्राची वाट

इथे सरकारी यादी नाही, गृहभेट नाही, प्रतीक्षा नाही. मुलाचे जन्मदाते आई-वडील मूल देतात, घेणारे ते स्वीकारतात. देण्या-घेण्याचा प्रत्यक्ष विधी व्हावा लागतो. दत्तहोम, म्हणजे दत्तकाच्या वेळचा होम, केला तर चांगलंच, पण कायद्याला तो अत्यावश्यक नाही. मूल उचलून मांडीवर देणं, ते स्वीकारणं आणि त्यामागचा हेतू, एवढ्यावर काम होतं. मग दोन्ही बाजूंच्या सह्या आणि साक्षीदारांसह दत्तकपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं. महाराष्ट्रात नोंदणीची सक्ती नाही, पण ती टाळणं शहाणपणाचं नाही. नोंदलेल्या दत्तकपत्रावर देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या असतील तर दत्तकविधान कायद्यानुसार झालं असं न्यायालय गृहीत धरतं आणि ते खोटं ठरवण्याचं ओझं विरोधकावर जातं. भाऊबंदकीत हे गृहीतक सोन्याच्या मोलाचं असतं.

अर्थात हे गृहीतक खोडूनही काढता येतं. पत्र नोंदलं, पण मूल जन्मदात्यांच्याच घरी राहिलं, शाळेच्या दाखल्यावर जुनंच नाव चालू राहिलं, विधीचा एकही फोटो नाही आणि साक्षीदार वारले, अशा प्रकरणात विरोधी वकिलाचं काम सोपं होतं. म्हणून फोटो, साक्षीदारांची पूर्ण नावं आणि त्यानंतरचे शाळा, आधार, शिधापत्रिका हे बदल एका फाइलमध्ये जपून ठेवावेत.

ही वाट सोपी दिसते, पण तिच्या अटी फार काटेकोर आहेत. यातली एक जरी मोडली तर दत्तकविधान मुळातच रद्दबातल ठरतं आणि नंतर दुरुस्ती होत नाही.

मुलगा दत्तक घ्यायचा तर घरात मुलगा, नातू (मुलाचा मुलगा) किंवा पणतू हयात नको. मुलगी घ्यायची तर मुलगी किंवा मुलाची मुलगी नको. एक मुलगी आहे आणि दुसरीही हवी, अशा हिंदू जोडप्याला या कायद्यानं ते जमत नाही. ते बाल न्याय कायद्यानं जमतं, हे मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्ये मान्य केलं. पुरुषाला मुलगी किंवा स्त्रीला मुलगा घ्यायचा तर वयात किमान २१ वर्षांचं अंतर लागतं. मूल अविवाहित असावं, आधी कुणाला दत्तक गेलेलं नसावं आणि त्याची पंधरा वर्षं पूर्ण झालेली नसावीत. या शेवटच्या अटीला आणि लग्नाच्या अटीला रूढीचा अपवाद आहे. जुन्या मुंबई प्रांतात मोठ्या, अगदी विवाहित माणसालाही दत्तक घेण्याची रूढी न्यायालयांनी मानली आहे, म्हणून महाराष्ट्रात तिशीतला पुतण्या दत्तक गेल्याची प्रकरणं टिकलेली दिसतात. पण रूढीवर विसंबून राहणं म्हणजे दाव्याला जागा ठेवणं. पंधराच्या आतलं मूल असेल तर हा वाद निघतच नाही.

पतीनं दत्तक घेताना पत्नीची संमती लागते आणि २०१०च्या दुरुस्तीनंतर पत्नीनं घेताना पतीची. पत्नी समारंभाला हजर होती, गप्प बसली, म्हणजे तिची संमती होती असं धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सांगितलं. तेव्हा दत्तकपत्रात संमतीचं वेगळं कलम आणि वेगळी सही घ्या.

सर्वांत जास्त फसगत होते ती ‘मूल देणार कोण’ इथे. हा हक्क फक्त वडील आणि आई यांचा, तोही एकमेकांच्या संमतीनं. आई-वडील दोघंही नसतील आणि आजी सांभाळत असेल, तर आजीनं सही करून मूल देणं पुरत नाही. तिला पालक या नात्यानं आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. न्यायालय मुलाचं हित पाहतं, समजण्याच्या वयाचं असेल तर त्याची इच्छा विचारतं आणि पैशांचा व्यवहार झालेला नाही याची खात्री करतं. आई-वडील अपघातात गेल्यावर मामा-मावशीनं घाईनं केलेली कितीतरी दत्तकपत्रं याच पायरीवर पडतात.

एकदा वैध झालेलं दत्तक मागे फिरवता येत नाही. घेणाऱ्यांनाही नाही आणि मुलालाही नाही. मुलाच्या नावावर आधीच आलेली मालमत्ता मुलाकडेच राहते. दुसऱ्याकडे आधीच गेलेली मालमत्ता दत्तकामुळे काढून घेता येत नाही. आणि दत्तक घेतलं म्हणून दत्तक पालकांचा मृत्युपत्र करण्याचा हक्क संपत नाही. ही शेवटची गोष्ट मूल देणाऱ्या घरानं आधीच समजून घेतलेली बरी.

‘कारा’ची वाट

सांभाळणारं कुणी नसलेलं अनाथ, सोडून दिलेलं किंवा आई-वडिलांनी बाल कल्याण समितीकडे सुपूर्द केलेलं मूल फक्त याच वाटेनं मिळतं. पुण्यातल्या ससूनच्या ‘श्रीवत्स’ शिशुगृहात किंवा पंढरपूरच्या नवरंगे बालकाश्रमात जाऊन नंबर लावण्याचे दिवस संपले. आता देशभर एकच रांग आहे आणि ती काराच्या ‘केअरिंग्ज’ या पोर्टलवर लागते.

वयाचा हिशेब आधी करा, कारण बरेच जण इथेच अडतात. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं तर पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५च्या आत हवी, एकट्या व्यक्तीचं वय ४०च्या आत. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० आणि ४५, चार ते आठसाठी १०० आणि ५०, आठ ते अठरासाठी ११० आणि ५५. शिवाय मूल आणि दोघांपैकी कुणीही पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. लग्नाला दोन वर्षं झालेली असावीत. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कुणीही मिळू शकतं, एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. दोन किंवा अधिक मुलं असलेल्या जोडप्याला फक्त विशेष गरजा असलेली किंवा ज्यांना घर मिळणं अवघड जातं अशी मुलंच मिळतात. नातेवाइकाचं किंवा सावत्र मूल याला अपवाद.

नोंदणीनंतर ३० दिवसांत कागदपत्रं अपलोड करायची: पॅन, जन्म आणि रहिवासाचा पुरावा, उत्पन्न, विवाह प्रमाणपत्र, गंभीर आजार नसल्याचा डॉक्टरचा दाखला, ओळखीच्यांची शिफारसपत्रं. विवाह प्रमाणपत्र आणि पॅन यांवर पत्नीचं नाव वेगवेगळं असणं ही नेहमीची अडचण. ते आधीच जुळवून घ्या. मग विशेष दत्तक संस्थेचे समाजकार्यकर्ते गृहभेट देतात. फर्निचर पाहायला कुणी येत नाही. आजी-आजोबांचं मत काय, मुलाला दत्तक असल्याचं सांगणार का, आजारी पडल्यास मागे कोण आहे, असे प्रश्न असतात. घरातल्या ज्येष्ठांना काहीच माहीत नसेल तर ते लगेच जाणवतं. गृहभेटीचा अहवाल तीन वर्षं चालतो.

खर्च ठरलेला आहे: नोंदणी आणि गृहभेट अहवालाचे ६,००० रुपये, मूल ताब्यात घेताना बालसंगोपन निधीचे ५०,००० आणि नंतरच्या पाठपुराव्याचे प्रत्येक भेटीला २,०००. यापलीकडे ‘ऐच्छिक देणगी’ मागितली गेली तर तक्रार करायला जागा आहे.

खरी किंमत वेळेची. लहान, निरोगी बाळ हवं असेल तर तीन वर्षांहून अधिक थांबण्याची तयारी ठेवा. कारण साधं आहे: रांगेतले पालक हजारोंनी आहेत आणि दत्तकासाठी कायद्यानं मुक्त झालेली बाळं फार थोडी. सुपूर्द केलेल्या मुलाच्या जन्मदात्यांना फेरविचाराला ६० दिवस मिळतात. सापडलेलं मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिने आणि मोठं असेल तर चार महिने शोध घेतल्यावरच बाल कल्याण समिती त्याला दत्तकयोग्य ठरवते. मोठं मूल, भावंडं किंवा विशेष गरजा असलेलं मूल यांच्यासाठी हीच रांग फार लवकर सरकते. वयाची बेरीज कडेला आली असेल तर हा पर्याय आत्ताच गंभीरपणे विचारात घ्या.

नंबर आला की मुलाचा फोटो, बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल पोर्टलवर दिसतो आणि मूल राखून ठेवायला ४८ तास मिळतात. तीन वर्षं थांबून या दोन दिवसांत संधी गमावणारे असतात. कुणाचा मोबाइल नंबर बदललेला, कुणी परगावी, कुणाला अहवालातलं डोक्याच्या घेराचं मोजमाप कळेना. एखाद्या बालरोगतज्ज्ञाशी आधीच बोलून ठेवा आणि पोर्टलवरचा नंबर दर काही महिन्यांनी तपासा. राखल्यावर प्रत्यक्ष भेट होते आणि ३० दिवसांत निर्णय घ्यायचा असतो. राखलेलं मूल पालकांनी नाकारलं तर नाव यादीच्या तळाशी जातं.

स्वीकारल्यावर मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी येतं आणि संस्था दत्तक आदेशासाठी अर्ज करते. २०२१च्या दुरुस्तीनं १ सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला, मुदत दोन महिने. या बदलाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं होतं, म्हणून अर्ज नेमका कुठे जाणार हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून घ्यावं. आदेशानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट होते. याचा अनेकांना त्रास वाटतो. पण आदेश, नवीन जन्मदाखला आणि पासपोर्ट यांची साखळी इथे नीट जोडलेली असते. दत्तकपत्रवाल्यांना जन्मदाखल्यासाठी महापालिकेत खेटे घालावे लागतात, काही ठिकाणी नोंदलेलं पत्र हातात असूनही न्यायालयाचा आदेश मागितला जातो.

नात्यातलं मूल: दोन्ही दारं उघडी

खरी निवड इथेच करायची असते. बाल न्याय कायद्यात ‘नातेवाईक’ म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, एवढेच. चुलतभावाचं मूल किंवा बहिणीचा नातू यात बसत नाही. मोठ्या भावानं धाकट्याला दत्तक घेणंही नाही. बसत असेल तर पोर्टलवर नोंदणी, जन्मदात्यांची संमती, पाच वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती, आर्थिक स्थितीचं शपथपत्र आणि मग आदेश. रांग नाही, काम काही महिन्यांत होतं.

हिंदू कुटुंब, आई-वडील दोघंही हयात आणि राजी, घरात त्याच लिंगाचं अपत्य नाही, मूल पंधराच्या आत: नोंदणीकृत दत्तकपत्र पुरेसं आहे. यातली एकही गोष्ट डळमळीत असेल, किंवा मागे वाटणीचा वाद असेल, तर महिने गेले तरी आदेशाची वाट घ्या. सावत्र मुलासाठीही आदेशच बरा. त्यात दुसऱ्या जन्मदात्याची संमती लागते, आणि ताब्याचा दावा चालू असेल तर तो मिटेपर्यंत थांबावं लागतं.

आणि तिसरं दार, जे दारच नाही: नर्सिंग होममधून थेट बाळ, सोबत मुद्रांकावर नोटरी केलेला कागद. नोटरीच्या कागदानं दत्तक होत नाही. अनाथ किंवा सुपूर्द केलेलं मूल प्रक्रिया टाळून घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पैसे दिले-घेतले असतील तर ती मुलाची विक्री, म्हणजे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आणि बाळ काढून नेलं जातं, ते तुमच्याकडे दोन वर्षं वाढलेलं असलं तरी.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा. गावी येऊन आठवडाभरात भाच्याचं दत्तकपत्र नोंदवायचं आणि परतल्यावर व्हिसासाठी अर्ज करायचा, हा क्रम उलटा आहे. मूल परदेशी न्यायचं असेल तर १९५६च्या कायद्यानं झालेल्या दत्तकालाही जिल्हाधिकाऱ्यांची पडताळणी आणि काराचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, त्याआधी त्या देशाच्या दत्तक प्राधिकरणाची मान्यता. अमेरिका आणि भारत दोन्ही आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या हेग करारात असल्यानं तिथे हे विशेष काटेकोर आहे. पहिला फोन राहता त्या देशातल्या मान्यताप्राप्त दत्तक संस्थेला करा, विमानाचं तिकीट नंतर काढा.