इंदूर नगर निगमचा ग्रीन बॉन्ड: कर्ज म्हणून बरा, ‘ग्रीन’ म्हणून पारखून घ्यावा असा

इंदुरात “नर्मदा आली का?” असं कुणी विचारलं तर तो प्रश्न नळाबद्दलचा असतो. ही नर्मदा खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून आणि पाचशेहून जास्त मीटर चढून येते. हजार लिटर पाणी पाचशे मीटर उचलायला निव्वळ गणिताने 1.36 युनिट वीज लागते. पंप-मोटरची घट आणि पाइपातलं घर्षण धरलं की आकडा दोन युनिटांच्या आसपास जातो. निगमची पाणीपट्टी याच विजेत विरघळते. त्यावर तोड म्हणून जलूदच्या बाजूला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचं ठरलं आणि फेब्रुवारी 2023 मध्ये निगमने त्यासाठी 244 कोटींचे रोखे, म्हणजे ‘ग्रीन बॉन्ड’ (पर्यावरणपूरक कामावरच खर्चायचं कर्ज), विकायला काढले.

महापालिकांचे रोखे आपल्याकडे नवे नाहीत. बंगळूरने 1997 मध्ये सुरुवात केली, पुण्याने 2017 मध्ये 200 कोटी घेतले, गाझियाबादने 2021 मध्ये 150 कोटींचा ग्रीन बॉन्ड काढला. पण गाझियाबादचा रोखा बड्या संस्थांना परस्पर विकला गेला. इंदूरने पब्लिक इश्यू काढला, म्हणजे सुदामा नगरातल्या पेन्शनरलाही डिमॅट खात्यातून अर्ज करता आला. कमीत कमी 10 बॉन्ड, म्हणजे 10,000 रुपये. व्याज 8.25 टक्के, दर सहा महिन्यांनी. कर्ज फेडण्याची पत मोजणाऱ्या संस्थांचं रेटिंग: इंडिया रेटिंग्जचं एए प्लस, केअरचं एए. इश्यू 5.91 पट भरल्याचा बराच गाजावाजा झाला. तो आकडा 122 कोटींच्या मूळ इश्यूवरचा आहे; जादा अर्ज आले तर आणखी 122 कोटी ठेवून घ्यायची मुभा होती. अर्ज आले सुमारे 720 कोटींचे, आणि घेतलेल्या 244 कोटींशी ताडून पाहिलं तर तिपटीला थोडं कमी. तेही वाईट नाही.

आता खरी मेख. हजाराचा एक बॉन्ड हा एक कागद नाही, अडीचशे-अडीचशेचे चार भाग आहेत: ए, बी, सी, डी. मुदत अनुक्रमे 3, 5, 7 आणि 9 वर्षं, म्हणजे फेब्रुवारी 2026, 2028, 2030 आणि 2032. डिमॅटमध्ये चार वेगळ्या ओळी दिसतात. त्यातली एकच ओळ पाहून “पाव बॉन्डच मिळाले” असं वाटून घाबरू नये. पण हिशेब मात्र इथेच चुकतो. “9 वर्षं, 8.25 टक्के” एवढं ऐकून लोक 10,000 वर 7,425 रुपये व्याज धरून बसतात. प्रत्यक्षात पहिली तीन वर्षं वर्षाला 825 रुपये. ए भागाचे 2,500 परत आले की पुढची दोन वर्षं 618.75, मग दोन वर्षं 412.50 आणि शेवटची दोन 206.25. एकूण 4,950. पैसा सरासरी सहा वर्षंच गुंतलेला असतो. फसवणूक यात काही नाही, पण परत आलेलं मुद्दल पुन्हा कुठे लावायचं हा प्रश्न दर दोन वर्षांनी तुमच्याच दारात येतो, आणि त्या वेळी व्याजदर काय असतील ते कुणाच्या हातात नाही. 8.42 टक्क्यांचा ‘परिणामी’ दरही तसाच. सहामाही व्याज त्याच दराने पुन्हा गुंतवलं तरच तो लागू. व्याजावर किराणा भरणाऱ्याला 8.25च.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेशी तुलना होणारच. तिथे एप्रिल 2023 पासून 8.2 टक्के आणि मागे केंद्र सरकार. ती मर्यादा (30 लाख) भरलेली नसेल तर आधी ती भरावी, असं स्पष्ट मत. बँकेच्या ठेवीला असतो तसा 5 लाखांचा विमाही या रोख्याला नाही. इथे आधार आहे तो निगमच्या स्वतःच्या वसुलीचा. कराचा पैसा आधी एस्क्रो खात्यात (कर्जफेडीसाठी बांधून ठेवलेल्या वेगळ्या खात्यात) जातो, त्यातून व्याजाची आणि मुद्दलाची तरतूद होते, उरेल ते निगमच्या हाती. थोडक्यात, तुम्ही सौर प्रकल्पाला नाही, कर गोळा करणाऱ्या शहराला उधार देता. पॅनेल उशिरा लागले म्हणून तुमचं व्याज थांबत नाही. गुंतवणूकदाराला हे सोयीचं आहे. करदात्याला तितकंसं नाही, कारण प्रत्येक हप्त्याला 61 कोटी मुद्दल फेडायची घडी ठरलेली आहे, मग तोवर प्रकल्पातून बचत सुरू झालेली असो वा नसो.

आज घ्यायचा तर एनएसई या शेअर बाजारात दुसऱ्याकडूनच घ्यावा लागतो, आणि सौदे तुरळक होतात. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) चुकूनही टाकू नये, नाहीतर भलत्याच भावाला गळ्यात पडेल. लिमिट ऑर्डरच (भावाची कमाल मर्यादा घालून) टाकावी, आणि भाव ठरवताना साचलेलं व्याज मोजावं. डी भागाचं दर्शनी मूल्य 250. शेवटच्या व्याजाला चार महिने झाले असतील तर त्यात 6.88 रुपये व्याज साचलेलं असतं. अशा वेळी 256.88 हा बरोबरीचा भाव झाला, 262 ला घेतलात तर 5 रुपयांहून जास्त अधिमूल्य दिलंत. रेकॉर्ड डेट (ज्या दिवशी रोखा ज्याच्या नावावर त्याला व्याज, ती तारीख) उलटल्यावर भाव साधारण तेवढ्याच व्याजाने खाली येतो. ते ‘स्वस्त’ होणं नव्हे.

व्याज करपात्र आहे. एप्रिल 2023 पासून डिमॅटमधल्या सूचिबद्ध रोख्यांवरही 10 टक्के टीडीएस लागू झाला. कर लागत नसेल तर तसं घोषणापत्र दरवर्षी रजिस्ट्रारकडे वेळेत द्यावं. वर्षभरानंतर नफ्यात विकलात तर जुलै 2024 नंतरच्या नियमाने 12.5 टक्के. डिमॅटला जोडलेलं बँक खातं चालू आहे ना, हेही पाहावं. बँकांचं विलीनीकरण झालं, आयएफएससी बदलला, की व्याज आणि मुद्दल दोन्ही परत जातं, आणि ते सोडवायला पत्रव्यवहाराचं चऱ्हाट लागतं.

‘ग्रीन’चं काय? 60 मेगावॉट म्हटलं की डोळे दिपतात. क्षमता वापर (पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला असता तर झाली असती त्यातली प्रत्यक्ष वीज) 20 टक्के धरला तर वर्षाला साधारण 10.5 कोटी युनिट, दिवसाला सरासरी 2.88 लाख. इकडे रोज 40 कोटी लिटर पाणी उचलायचं तर सुमारे 8 लाख युनिट लागतात. म्हणजे गरजेच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त भागेल, सगळं नाही. शिवाय पंप रात्रंदिवस चालतात, त्यांचा सरासरी भार 33 मेगावॉटच्या घरात. भर दुपारी सौर वीज त्याहून जास्त होणार आणि रात्री शून्य. दुपारची शिल्लक ग्रिडला देऊन रात्री परत घ्यायची, त्यावर वीज कंपनीचे वहन आणि बँकिंगचे आकार लागणार. बचतीचा खरा आकडा या आकारांवर ठरतो, मेगावॉटवर नाही. युनिटमागे निव्वळ 4 रुपये वाचले तरी वर्षाला 42 कोटी होतात, आणि पहिल्या वर्षांचं व्याज 20.13 कोटी. आडाखा पटतो.

जलूद ज्या निमाडात आहे, तिथला मे महिना मात्र हिशेबात हवा. पॅनेलचा पृष्ठभाग 65 अंशांवर गेला की 25 अंशांच्या कसोटीच्या तुलनेत उत्पादन 14-15 टक्क्यांनी घटतं. धूळ धुतली नाही तर आणखी. म्हणून निगमच्या वार्षिक अहवालात मेगावॉट नको, महिनावार युनिट शोधावेत. न खर्चलेला निधी कुठे ठेवला, कार्बन बचत कोणत्या गुणकाने काढली (देशाच्या ग्रिडचा गुणक युनिटमागे सुमारे 0.7 किलो आहे, त्या हिशेबाने वर्षाला 73-74 हजार टन), आणि तपासणी बाहेरच्या संस्थेने केली का, हे तीन प्रश्न सेबीच्या (रोखे बाजाराच्या नियामकाच्या) ग्रीन रोख्यांच्या नियमांत बसणारेच आहेत.

हवामान न्यायाच्या, म्हणजे फायदा-तोटा कुणाच्या वाट्याला येतो या, कसोटीवर मात्र हा रोखा अर्धाच उतरतो. वाचलेला पैसा कुणाच्या नळाला जाणार, हे रोख्याच्या अटींत कुठे बांधलेलं नाही. विजय नगरच्या बंगल्याला एक दिवसाआड पाणी येतं तेव्हा पाण्याची टाकी भरून ठेवता येते. बस्तीत टँकरमागे हंडे घेऊन धावणाऱ्याला वीजबचतीचा उपयोग तिथे पाइप पोचला तरच. जलूदच्या बाजूचंही तेच. मेगावॉटमागे चार-पाच एकर धरले तर अडीचशे-तीनशे एकर पॅनेलखाली जातात. ती जमीन आधी चराईची होती का, पॅनेल धुण्याचं पाणी कुठलं, देखभालीची कामं गावातल्या पोरांना मिळाली का, यातलं काहीच 8.25 टक्क्यांत दिसत नाही. हा दोष एकट्या इंदूरचा नाही. ग्रीन बॉन्डची चौकटच पैसा कशावर खर्च झाला एवढं विचारते, कुणाच्या पदरात पडला हे विचारत नाही. जून 2025 मध्ये सेबीने सोशल आणि सस्टेनेबिलिटी-लिंक्ड रोख्यांची चौकट आणली आहे. निगमने पुढचा रोखा तिच्यात बसवून ‘अमुक वर्षात अमुक बस्त्यांत नळ, नाहीतर व्याजदर वाढेल’ अशी अट घातली तर तो आम्ही डोळे मिटून सुचवू.

तोवर सल्ला एवढाच: नियमित उत्पन्न हवं असणाऱ्याने, एकूण बचतीच्या दहाव्या हिश्शापर्यंत, सी किंवा डी भाग बरोबरीच्या भावाजवळ मिळाला तर घ्यावा आणि मुदत संपेपर्यंत धरून ठेवावा. मधेच पैशाची गरज पडू शकेल असं वाटत असेल तर या वाटेला जाऊ नये. विकायला गेलात तर समोर घेणारा असेलच असं नाही.